फुंकर खरी, तर आकडा खरा

आपल्या धाराशिवकडं चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या आज्या आहेत. दम लागला की डॉक्टर स्पायरोमेट्री सांगतात. आजी नळीत फुंकते, रिपोर्ट येतो. पण त्या आकड्यावर भरवसा कधी ठेवायचा? त्याचाच हा इतिहास.

१८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सननं स्पायरोमीटरवर दोन हजारांहून जास्त माणसं तपासल्याचं मांडलं. १९४७ मध्ये पॅरिसमध्ये टिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदाची हवा मोजायचं सुचवलं. मेख इथंच आहे: जोर माणसानं लावायचा असतो. फुंकर अर्धवट राहिली, तर धडधाकट छातीही आजारी दिसते. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच पटतं. इनपुट कच्चं, तर आउटपुटही कच्चंच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी शहराच्या प्रदूषणाचा श्वसनावरचा परिणाम अभ्यासला. अशा कामात दोन वस्त्यांची तुलना करायची, तर फुंकर सगळीकडं एकाच कसोटीवर उतरायला हवी.

ती कसोटी १९७९ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं छापली. २०१९ च्या सुधारित नियमांत मोठ्या माणसाच्या किमान ३ नीट फुंकरी लागतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन फुंकरींत फरक १५० मिलिलिटरच्या आत हवा. पहिल्याच सेकंदात खोकला आला किंवा सुरुवात रेंगाळली, तर त्या सेकंदाचा आकडा बाद. मशीनसुद्धा ३ लिटरच्या सिरिंजनं तपासायचं.

म्हणून आजीचा रिपोर्ट हातात आला की नुसती टक्केवारी वाचू नका. आलेख एकमेकांवर बसतात का, ते डॉक्टरांना विचारा. नाहीतर नसलेल्या आजाराचं औषध चालू होतं, नाहीतर असलेला आजार सुटून जातो.