हिवाळा, मुंबई उपनगरांतील : पक्षी व माणसे

साष्टी बेटावरील अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या इलाख्यात मार्गशीर्ष ते माघ या काळात पडणारी थंडी. तसेच ती सोसण्याच्या, किंवा तिच्याहून कितीतरी दारुण अशा उत्तरेकडील थंडीतून निसटून येथे मुक्कामास येण्याच्या, माणसांच्या व पक्ष्यांच्या रीती.

या भागातील हिवाळा सौम्य असतो. सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे १७° से. भरते. हिमालयावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकला आणि त्याच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे वारे कोकणपट्टीत उतरले, म्हणजे मात्र पारा अकस्मात घसरतो. जानेवारी १९६२ मध्ये तो सांताक्रूझला ७.४° से. व कुलाब्यास ११.७° से. इतका खाली आला, आणि या दोन्ही ठिकाणच्या दप्तरांत तोच नीचांक म्हणून नोंदलेला आहे. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले असल्यामुळे पाण्याची ऊब रात्रभर त्यास पुरते. उपनगरांस ती तितकीशी लाभत नाही. त्यातही आरेच्या खोलगट भागात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील दऱ्यांत, निरभ्र रात्री जमिनीने उष्णता लवकर टाकल्यावर थंड व जड हवा तळाशी साचत असल्यामुळे, पहाटेचा गारठा अंधेरीच्या इमारतींमधील गारठ्याहून स्पष्टपणे अधिक जाणवतो.

पक्ष्यांच्या शरीराचे तापमान साधारणतः ४०° से.च्या आसपास, म्हणजे माणसाच्या तापमानाहून तीन-चार अंश अधिक असते, आणि देह जितका लहान तितकी त्यातील उष्णता लवकर निसटते. म्हणून थंड रात्र निभावणे हे चिमुकल्या पक्ष्यास मोठे खर्चाचे काम ठरते. तो पिसे फुलवून त्यांत हवेचा थर कोंडून धरतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो, एक पाय पोटाशी ओढून घेतो आणि छातीच्या स्नायूंच्या थरथरीने ऊब निर्माण करतो. कुरवासारख्या पाणपक्ष्यांच्या पायांत धमन्या व शिरा एकमेकींस लगटून असतात; देहातून खाली उतरणारे उष्ण रक्त आपली उष्णता परतणाऱ्या थंड रक्तास देऊन टाकते, आणि त्यामुळे पावले गार राहिली तरी देहाची ऊब देहातच राहते. वेसाव्याच्या वाळूवर भरदुपारी उभ्या असलेल्या कुरवास हेच पाय उलट उपयोगी पडतात : त्यांतील रक्तप्रवाह वाढवून तो जादा उष्णता बाहेर टाकतो.

अशी शरीररचना असूनही लक्षावधी पक्षी दरसाल उत्तर सोडतात, याचे मुख्य कारण उपासमार हे होय. सायबेरिया व मध्य आशियात भूमी गोठते, कीटक नाहीसे होतात, तळी बर्फाखाली जातात. पोट भरले तर पुष्कळ पक्षी थंडीशी टक्कर देऊ शकतात, रिकाम्या पोटी मात्र ती त्यांस एका रात्रीत संपवते. म्हणून उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात वीण करणारा, वजनाने जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा छोटा टिलवा ठाण्याच्या खाडीचा चिखल गाठतो. थापट्या व तलवार बदके भांडुपच्या पाणथळांत उतरतात. भोरड्यांचे थवे पावसाळा सरता सरता येतात आणि पुढे काटेसावर, पळस व पांगारा फुलल्यावर त्यांच्या मधावर तुटून पडतात. हिमालयात वीण करणारा निळ्या टोपीचा कस्तुर राष्ट्रीय उद्यानाच्या सावलीत हिवाळा काढतो. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी मुंबईतील एका बागेत कडे घातलेला करडा धोबी पुढील हिवाळ्यांतही त्याच हिरवळीवर परत आल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. एवढ्या विस्तीर्ण खंडातून एक मूठभर जीव नेमकी तीच हिरवळ शोधून काढतो, याहून विस्मयकारक गोष्ट या विषयात दुसरी नाही.

रोहित पक्ष्यांस सायबेरियाचे पाहुणे समजण्याचा प्रघात चुकीचा आहे. ते प्रामुख्याने कच्छच्या रणातून येतात आणि त्यांस येथे खेचून आणणारी वस्तू म्हणजे खाडीतील शेवाळ.

माणूस मूळचा उष्ण प्रदेशातील प्राणी. त्याच्या अंगावर काटा उभा राहतो, पण ऊब कोंडून धरण्याइतके केस त्यास उरलेले नाहीत; त्यामुळे वस्त्र, अग्नी व आहार यांवरच त्याची सारी भिस्त आहे. आरेतील वारली पाड्यांवर कारवीच्या कुडास माती लिंपून वारा अडवतात व अंगणात शेकोटी पेटवतात. चाळींतून गोधड्या निघतात. भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीस गुळपोळी, बाळंतिणीस डिंकाचे व अळिवाचे लाडू असा स्निग्ध आहाराचा शिरस्ता चालतो, तर घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत उंधियू शिजतो. वेसाव्याच्या कोळणींस हाच कोरडा वारा वरदान ठरतो, कारण वलांडीवर टांगलेले बोंबील त्यानेच खडखडीत वाळतात. ज्यांस छप्पर नाही, त्या पदपथावरील माणसांस मात्र १५° से.ची रात्रही जाचक होते, आणि त्यांच्या अंथरूण-पांघरुणाचा बंदोबस्त या समृद्ध शहरास अजून पुरतेपणी जमलेला नाही, हे लांच्छनास्पद होय. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे प्राणघातक असते. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असल्याने झोपलेल्यास त्याची चाहूलही लागत नाही. हिवाळ्यात वरची हवा उबदार व खालची थंड अशी उलटी मांडणी झाली, की धूर आणि धूळ जमिनीलगत कोंडून राहतात. थंडीपेक्षा खोकल्यानेच उपनगरवासी अधिक बेजार होतो.

मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस असलेल्या ठाणे खाडीच्या पात्रास २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा, दर्जा मिळाला. हा बंदोबस्त मोलाचा असला, तरी अपुरा आहे. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेला, म्हणजे टिलवे, तुतवार व चिखले यांस विसाव्यासाठी भांडुप, कांजूर व मुलुंडची मिठागरे लागतात. ती भरून तेथे इमारती उभारण्याच्या तजविजी वारंवार पुढे येत असतात. चैत्रात परतीस निघण्यापूर्वी या पक्ष्यांस हजारो किलोमीटरांच्या प्रवासापुरती चरबी अंगावर चढवावी लागते, आणि प्रत्येक भरतीस जागेच्या शोधात भटकावे लागले, तर ती भटकंतीतच खर्ची पडते.