ईस्टरची पंगत

आमच्या गटातल्या एका ताईंचं घर छावणीत आहे. गेल्या ईस्टरला त्यांनी गटातल्या सगळ्याजणींना जेवायला बोलावलं. मी मदतीला जरा लवकर गेले. दोन टेबलं जोडून वर पांढरी चादर, मधोमध आपल्या हिमरूची जुनी पट्टी, पितळी तांब्यात मोगरा आणि टोपलीत तांबूस अंडी. रंग कुठून आणला विचारलं, तर ताई हसल्या. कांद्याची सालं! सालं पाण्यात घालायची, थोडं व्हिनेगर टाकायचं आणि त्यातच अंडी उकडायची.

अंडीच का? ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. जुन्या काळी युरोपात त्या दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत! साठलेली अंडी मग सणाला ताटात यायची. सणाचा दिवस चंद्रावर ठरतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा झाली, की पुढचा रविवार ईस्टरचा. म्हणजे बहुतेक चैत्रच. ताईंच्या टेबलावर मटणाशेजारी पन्हं आणि कैरीची डाळ होती, ती त्यामुळेच.

पण मला बोलायचंय ते सजावटीपेक्षा बसण्याबद्दल. आपल्याकडे कोण कुणाशेजारी जेवलं, यावरून घरं तुटली आहेत. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अगदी पोरवयाचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. पण पोरगं मिशनऱ्यांकडे जेवलेलं! त्याला जातीत घ्यायला लोक तयार होईनात. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या, असं 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले.

हेच नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. 1981 पर्यंत जालना आपल्याच जिल्ह्यात होतं, म्हणून मी त्यांना आपल्याकडचेच धरते. निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. गावकुसाबाहेर ठेवलेली कितीतरी माणसं तिथे राहायला आली, आणि ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस त्यांचा पाळक झाला.

बाईसाठी हे आणखी जड. लक्ष्मीबाई टिळकांचे पती 1895 साली ख्रिस्ती झाले. पुढे नवऱ्याबरोबर राहायला लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं-ओवळं लगेच सोडलं नाही. ते हळूहळू सुटलं, आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सगळं काही न लपवता लिहिलंय. मिळालं तर गटात वाचा, हसून हसून पुरेवाट होते. आता धर्म बदलला की जात गेली, असं मात्र समजू नका. सोयरीक जुळवताना ख्रिस्ती घरांतही ती विचारली जातेच.

तर त्या दिवशी. आमच्या गटातल्या एक आजी निघतानाच म्हणाल्या होत्या, "मी नुसता चहा घेईन." ताईंनी त्यांना काही विचारलं नाही, आग्रह केला नाही. फक्त टेबलाच्या टोकाला, पंख्याखाली, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आणि ताट मांडलं. आजी बसल्या. थोड्या वेळाने कैरीची डाळ त्यांनी मागून घेतली, मग पन्हं. अंडं त्या खात नाहीत. ते त्यांनी नातवासाठी पदरात बांधून नेलं.