वाळुंजाच्या सालीचा धडा

रोगाच्या उगमापाशीच त्याचे औषध उगवते, ही समजूत फार जुनी. इंग्लंडातील पाद्री एडवर्ड स्टोन यांचीही तीवर भिस्त होती. विलो हे आपल्या वाळुंजाच्या कुळातील झाड दलदलीत वाढते, आणि थंडीतापही तेथलाच! त्यांनी विलोची साल वाळवून, कुटून सुमारे ५० रोग्यांना दिली आणि १७६३ साली आपला अनुभव रॉयल सोसायटीस कळविला.

पुढे स्कॉटलंडातील डॉ. टॉमस मॅक्लॅगन यांनी संधिज्वराविषयी असाच तर्क लढविला. सालीतून काढलेले सॅलिसिन त्यांनी आधी स्वतः घेतले, मग रोग्यांना दिले. ताप उतरला, सांध्यांची सूज ओसरली. १८७६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

या ज्वरात देहाची संरक्षक शक्तीच देहावर उलटते, हे आज आपण जाणतो. सॅलिसिनच्या जातीची औषधे दाह शमवितात. हृदयाच्या झडपांची हानी मात्र टाळीत नाहीत.

दोघांचाही तर्क खोटा होता. गुण आला तो सालीतील द्रव्याचा. तेव्हा आपण वनौषधींचा अभिमान जरूर बाळगावा. पण औषध किती साधते आणि कोठे थांबते, हे रोग्याच्या खाटेपाशीच तपासावे.