सौर बंब : सुरक्षा व टिकाऊपणा

सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या घरगुती संचातील संरक्षक रचना. पंपाविना चालणाऱ्या संचात तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते. टाकीच्या माथ्यावरची उघड्या तोंडाची हवानळी ही अशा संचाची सर्वांत महत्त्वाची सुरक्षा होय. वाफ व जादा दाब तिच्यातून निघून जातो. ती गार पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच हवी आणि तिला बूच कधीही लावू नये. ती तुंबली तर टाकी फुटू शकते किंवा पाणी उपसताना आत चेपू शकते.

निर्वात काचनळ्या बोरोसिलिकेट काचेच्या, दुहेरी भिंतीच्या असतात. टोकाचा बेरियमचा रुपेरी थर पांढरा पडला, की आतली पोकळी निकामी झाली असे समजावे. भर उन्हात कोरड्या नळ्यांत गार पाणी सोडल्यास त्या तडकतात. पाणी पहाटेच भरावे.

पाणी ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते, म्हणून लहान मुलांच्या घरी गार-गरम मिसळणारी झडप आवश्यकच.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बोअरचे जड पाणी संचाचे आयुष्य घटवते. क्षार तांब्याच्या बारीक नळ्या बुजवतात, क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही भोके पाडते. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून पत्रा वाचवतो. तो वेळेवर बदलावा लागतो.