पाण्यामागून एक दिवस

सातवीच्या वर्गात शनिवारवाड्याचा धडा चालला होता. पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला, 1828 साली वाडा आगीत गेला, असे मी फळ्यावर लिहिले. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, एवढ्या माणसांना पाणी कोठून येई?"

"कात्रजहून," मी ऐटीत सांगितले.

ती खाली बसेना. "आणि ते सगळ्यांना मिळे?"

घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. पुढच्याच रविवारी पहाटेच्या एस. टी.ने मी पुण्यास गेलो.

दिल्ली दरवाजातून आत शिरले की वाडा दिसतच नाही. दिसतात ती जोती. दिवाणखाने जळून गेले, दगड तेवढे राहिले. त्यांच्यामध्ये हजारी कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे दगडी कमळ कोरडे पडले आहे. पूर्वी मी ते वैभव म्हणून पाहत असे. या खेपेस मनात आले, हे पाणी येथवर चढले तरी कसे?

ते चढले नव्हते, उतरले होते. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी दक्षिणेकडील कात्रजच्या डोंगरात बांध घालून पाणी अडविले आणि जमिनीखालून चुनेगच्ची भुयारी नळाने शहरात आणले. ना मोट, ना रहाट. नुसत्या उताराने पाणी चाले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. तेथून हवा खेळे, आणि माणूस आत उतरून गाळ काढी. पुढे पेठापेठांतून हौद भरत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून शहराचे नळ बंद पडले, तेव्हा पुणेकरांना याच जुन्या पाण्याने आधार दिला. त्या कारागिरांना मी मनोमन हात जोडले.

पण मुलीचा प्रश्न अर्धाच झाला होता.

बुधवार पेठेत आलो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा येथलाच. मोडकळीस आलेला तो वाडा स्मारकासाठी 2023 मध्ये उतरविण्यात आला. मागच्या बाकावरून उठून गुरुजींना अडविणारी मुलगी कोठून आली, याचे उत्तर त्या जागेपाशी मिळाले. मग उन्हातून चालत गंज पेठेत गेलो. त्या पेठेला आता महात्मा फुले यांचेच नाव आहे.

फुल्यांचे घर लहानसे, ओसरीचे. अंगणात तुळशीवृंदावन. शनिवारवाड्यात घसा फोडून माहिती सांगणारे पुष्कळ. येथे सारे शांत होते. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पेठेपेठेतले हौद भरलेले असत, पण त्यांना हात लावण्याची त्या माणसांना मुभा नव्हती. कात्रजहून कोसभर कोस पाणी आणणे विद्येने साधले. हौदाच्या काठापासून माणसाच्या ओंजळीपर्यंतचे हातभर अंतर तोडायला शंभरावर वर्षे लागली, आणि तेही एका घरापुरतेच. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले ते त्यानंतर 59 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी.

ओसरीच्या कडेला बसलो आणि माझी आजी आठवली. फार मायाळू बाई. उन्हातून आलेल्या गड्याच्या बायकोला ती कधी तहानलेली जाऊ देत नसे; पण पाणी वरून ओती, तांब्या हाती देत नसे. ती बाई ओंजळीने पिई. कित्येकदा तो तांब्या मीच भरून आणला होता. मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. इतिहास मी शिकवीत होतो, आणि त्याचा एक तुकडा माझ्याच ओसरीवर घडलेला होता.

सोमवारी वर्गात गेलो. फळ्यावर 1730 च्या खाली 1868 लिहिले आणि म्हणालो, "नाही, सगळ्यांना मिळत नसे." मग कात्रजचा नळ सांगितला, जोतीरावांचा हौद सांगितला, आणि थोडे थांबून आजीचा तांब्याही सांगितला.

मुलगी ऐकत होती. या वेळी ती उठली नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली.