ब्रेक, घोडागाडीचे व बैलगाडीचे

जनावराने ओढायच्या गाडीचा वेग उतारावर आवरण्यासाठी किंवा उभी गाडी जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी चाकावर घर्षण लावणारी यंत्रणा. घोडा काय, बैल काय, शरीराच्या ठेवणीने ओढायला योग्य आहे. मागून रेटणारे ओझे थोपवणे त्याला फार कष्टाचे जाते. गाडीच्या इतिहासात मात्र चाक, आस, धाव आणि टायर यांच्यावर जेवढी बुद्धी खर्च झाली तेवढी ब्रेकवर झाली नाही. महाराष्ट्रात या दुर्लक्षाचा भार दीडशे वर्षांहून अधिक काळ जनावराच्या मानेवर आणि गुडघ्यांवर पडत आला आहे.

ओढ आणि रेटा : दीड टनाची भरलेली गाडी २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर असेल, तर तिला खाली खेचणारे बल सुमारे ७५ किलो भरते. लोखंडी धावेचे लाकडी चाक खडीच्या रस्त्यावर वजनाच्या साधारण तीन टक्के विरोध करते असे धरले, तर त्यातले ४५ किलो चाकच खाते आणि जनावरांना ३० किलोचा रेटा सोसावा लागतो. त्याच गाडीला बॉल बेअरिंग आणि हवेचे टायर बसवून ती डांबरी रस्त्यावर आणली की विरोध निम्म्यावर येतो. सपाटीवर ओढ निम्मी झाली म्हणून गाडीवान सुखावतो, पण उतारावर तोच रेटा ५० किलोंच्या वर जातो. म्हणजे चाक जितके हलके फिरेल तितकी ब्रेकची गरज वाढते. हवेचा टायर हा बैलगाडीतला विसाव्या शतकातला सर्वांत मोठा बदल, आणि तो बहुतेक ठिकाणी ब्रेकशिवाय झाला.

हा रेटा जनावराच्या अंगावर नेमका कुठे येतो, हे घोड्याच्या आणि बैलाच्या बाबतीत वेगळे आहे. टांग्याच्या घोड्याच्या साजात मांड्यांच्या मागून जाणारा रुंद पट्टा असला, तर घोडा त्या पट्ट्यावर मागे बसल्यासारखा रेलतो आणि गाडी पुट्ठ्यांवर तोलतो. हा पट्टा नसेल किंवा ढिला असेल, तर सगळा जोर पाठीवरच्या गादीवर आणि शेपटीखालच्या दुमचीवर येतो. बैलाला तर असा पट्टाच नसतो. उतारावर जू मानेवरून पुढे सरकते आणि शिंगांच्या मुळाशी जाऊन अडते. जुपण्या गळ्याला आवळतात आणि बैल मान वर करून, पुढचे पाय ताठ रोवून गाडी धरतो. पायाला लोखंडी पत्र्या मारलेल्या असतात, त्या डांबरावर घसरतात. घाटात गुडघे फुटलेला बैल दिसला की ब्रेक नसलेली गाडी कशी उतरली असेल ते वेगळे सांगावे लागत नाही.

जुने उपाय : सर्वांत जुना उपाय म्हणजे चाक फिरूच न देणे. रोमन लोक चाक साखळीने किंवा अडण्याने जखडत. जुव्हेनाल या रोमन कवीने आपल्या आठव्या उपहासकाव्यात स्वतः गाडी हाकणारा आणि उतारावर स्वतःच चाक जखडणारा कॉन्सल रंगवला आहे. जखडलेले चाक रस्त्यावरून घासत जाते आणि त्या घासण्याने गाडी मंदावते. दोष असा की धाव एकाच जागी झिजते आणि चाकाला सपाट चट्टा पडतो. त्यावर युरोपात चाकाखाली साखळीने बांधलेली लोखंडी पादुका घालण्याची पद्धत निघाली. चाक पादुकेवर चढते, पादुका घासते, चाक वाचते. उतार संपला की गाडी थोडी मागे घेऊन पादुका काढावी लागते, आणि ती तोवर चटका बसण्याइतकी तापलेली असते. गाडीमागे झाडाचा ओंडका ओढत नेणे हाही अनेक देशांत चाललेला उपाय. आपल्याकडे उभ्या गाडीच्या चाकाला दगडाची उटी लावणे सगळ्यांच्या परिचयाचे आहे. चढावर जनावराला दम खायला द्यायचा, तर मागे चालणारा माणूस हातात उटी घेऊनच चालतो.

याहून कामाचा निघाला तो ठोकळ्याचा ब्रेक. चाकाच्या मागे आडवे लाकूड, त्याच्या दोन्ही टोकांना ठोकळे, आणि ते धावेवर दाबायला दोरी, तरफ किंवा स्क्रूचा दांडा. पायाने ३० किलो जोर दिला आणि तरफेने तो सहापट केला, तर ठोकळ्यांवर १८० किलो दाब पडतो. कोरड्या लाकडाचे लोखंडावरचे घर्षण दाबाच्या साधारण ३० टक्के धरले, तर धावेवर ५० किलोंच्या आसपास रोध मिळतो. वर हिशेबात घेतलेल्या गाडीला तो पुरेसा आहे. पावसात लाकूड आणि लोखंड दोन्ही ओले झाले की हा आकडा बराच घसरतो. म्हणून ठोकळ्याला चामडे किंवा जुन्या टायरचा तुकडा मारतात. स्क्रूच्या दांड्याचा फायदा असा की एकदा आवळला की तो तसाच राहतो आणि गाडीवानाचे दोन्ही हात कासऱ्याला मोकळे राहतात. तरफेचा ब्रेक झटकन लागतो, पण पाय काढला की सुटतो. लांब घाटाला स्क्रू आणि गर्दीच्या रस्त्याला तरफ, अशी निवड शहाणपणाची.

महाराष्ट्रातील घाट आणि शहर : बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला. त्यापूर्वी माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसे पालखीतून घाट चढत-उतरत. पाठीवरच्या गोणीला ब्रेक लागत नाही. चाके घाटात आली आणि हा प्रश्नही आला. मोटारी येण्याआधी महाबळेश्वरला जाणारे प्रवासी वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने वाई गाठत आणि पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे वर जात. परतीचा उतार घोड्यांची खरी परीक्षा घेई.

घोड्याच्या गाडीला यंत्राचा विचार करून बसवलेला ब्रेक मुंबईत रोज, सर्वांसमोर चालताना दिसला तो घोड्यांच्या ट्रामबरोबर. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली आणि १९०५ पर्यंत घोड्यांनी ती ओढली. रुळावर लोखंडी चाकाचा विरोध इतका कमी की एकदोन घोडे माणसांनी भरलेला डबा सहज ओढत. पण तोच डबा थांबवणे घोड्यांच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे घोड्यांच्या ट्रामला ब्रेक ही चैन नव्हती. चालक पुढच्या फलाटावर उभा राहून उभ्या दांड्याचे पितळी किंवा लोखंडी हँडल फिरवी. दांड्याच्या तळाशी साखळी गुंडाळली जाई, ती ओढली गेली की ठोकळे चाकांवर दाबले जात, आणि दांड्याशी असलेल्या दातेरी चक्रात पायाने खिटी अडकवली की ब्रेक लागलेला राही. घोडा थांबवण्याआधी डबा थांबवायचा, ही शिस्त या यंत्राने घालून दिली. रस्त्यावरच्या टांग्यांनी आणि बैलगाड्यांनी ती उचलली असती, तर पुढचे चित्र वेगळे झाले असते.

  

दोन चाकांची अडचण : येथे सुधारकांची वारंवार गल्लत झाली आहे. चारचाकी गाडीला ब्रेक लावला की वजन मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकते आणि जनावराला त्याचा त्रास होत नाही. दोनचाकी गाडीला पुढे चाके नाहीत. तिथे ते वजन सरळ जनावराच्या अंगावर येते. दीड टनाची गाडी १० ला १ अशा उतारावर आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.३५ मीटर उंच आहे आणि आसापासून जू ३ मीटर पुढे आहे, असे धरू. गाडी एकसारख्या वेगाने उतरवायला १५० किलो रोध लागतो. तो सगळा ब्रेकने दिला, तर मागून येणारा रेटा नाहीसा होतो, पण जुवावर खाली दाबणारे सुमारे ६७ किलो वजन नव्याने येते. ते दोन बैलांत वाटले जाते, तरीही थोडे नाही. ब्रेक न लावता बैलांनीच गाडी धरली, तर खाली येणारे वजन जेमतेम सातआठ किलो असते आणि मागून १५० किलोंचा रेटा बसतो. ब्रेकने रेट्याच्या जागी ओझे येते, आणि हे ओझे हलके करणे हा ब्रेक सुधारण्याचाच भाग आहे.

अनुभवी गाडीवान हे आकडे न मांडता ओळखतो. चढाला गाडी उलाळ होऊ लागली की तो पुढे सरकून धुऱ्याजवळ बसतो, उताराला मागे जाऊन बसतो. माल भरतानाच रस्ता घाटाचा आहे की सपाटीचा हे विचारून आसाच्या पुढेमागे तो वाटतो. गुरुत्वमध्य खाली आणणे हा याहून पक्का उपाय : साटा बुटका ठेवायचा आणि जड माल तळाशी भरायचा. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीसाठी केलेले ‘सारथी’ हे जुवाखालचे आधारचाक २०२२ मध्ये देशभर चर्चेत आले. मानेवरचे उभे वजन एका छोट्या चाकावर घ्यायचे, ही त्यातली कल्पना. ती प्रामुख्याने भार हलका करण्यासाठी मांडली गेली. पण दोनचाकी गाडीला जोरदार ब्रेक बसवायचा तर नेमक्या अशाच आधाराची जोड लागते. मागच्या चाकांना ब्रेक आणि जुवाखाली चाक ही जोडी एकत्र आली, तर बैलाच्या वाट्याला फक्त ओढ उरेल.

टायरगाडीचे ब्रेक : साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या टायरगाड्यांवर धावेचा ठोकळा चालत नाही. तो रबरावर दाबला तर टायर झिजतो, आणि चिखल लागला की नुसता घसरतो. मोटारीतला ड्रम ब्रेक येथे योग्य : तुंब्याजवळ बंद ड्रममध्ये दोन अर्धगोल पट्ट्या बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पाऊस, चिखल आणि उसाचे पाचट त्यात सहजी शिरत नाही. केबलने चालणारा ड्रम गावच्या गॅरेजात दुरुस्त होतो. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक दोन्ही चाकांवर सारखा लागतो, पण गळती झाली की एकदम निकामी होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील आमिश लोक स्वतःची मोटार बाळगत नाहीत, तरी त्यांच्या घोड्यांच्या बग्ग्यांना तेलाच्या दाबावरचे ड्रम ब्रेक असतात. त्यांच्या वाहनात घोडा आहे म्हणून ब्रेकही जुनाच हवा, असे त्यांना वाटलेले नाही.

ट्रेलरला वापरतात तसा आपोआप लागणारा ब्रेकही गाडीला जोडता येतो. दांडी दोन भागांत करून मध्ये स्प्रिंग ठेवायची. गाडी जनावराला रेटू लागली की दांडी आत सरकते आणि तीच हालचाल ब्रेकची केबल ओढते. गाडीवानाचे लक्ष नसले तरी ब्रेक लागतो. पण गाडी मागे घेताना तो नको असताना लागतो, म्हणून अडकवण्याची खिटी हवी; आणि तो लागायला आधी जनावराने थोडा रेटा सोसावा लागतो. एकट्याने तो पुरा पडत नाही, हातच्या ब्रेकला जोड म्हणून चांगला.

नियम : मालवाहू जनावरांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारे केंद्राचे १९६५ चे नियम गाडीत किती वजन भरावे हे ठरवतात. दोनचाकी गाडीच्या घोड्याला हवेचे टायर नसतील तर ५०० किलो आणि असतील तर ७५० किलो, अशी मर्यादा आहे. किलोमीटरभर किंवा अधिक चढ असेल आणि तो ३० मीटरला ३ मीटरहून जास्त असेल, तर वजन निम्मे करावे लागते. तक्ता टायर पाहतो, बेअरिंग पाहतो, चढ पाहतो. ब्रेकचा रकाना त्यात नाही. टायर बसवला म्हणून वाढवून दिलेले २५० किलो उतारावर कोण धरणार, याचे उत्तर तक्त्यात ‘घोडा’ असेच निघते. वाढीव वजनाची सवलत चालू ब्रेक असलेल्या गाडीलाच मिळावी, एवढी दुरुस्ती केली तरी पुष्कळ जनावरांचे हाल टळतील.

उत्तन परिसर : किनाऱ्यावर ब्रेकची अडचण वेगळी असते. मिरा-भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, डोंगरी, चौक, पाली आणि दक्षिणेला गोराई हा धारावी बेटाचा पट्टा टेकड्या आणि समुद्र यांच्या मधोमध आहे. गोराईत खाडीच्या धक्क्यापासून किनाऱ्यापर्यंत पर्यटक टांग्याने जात आले आहेत. घाटाच्या मानाने येथले चढ-उतार लहान. ब्रेकचा खरा शत्रू येथे खारा वारा आणि वाळू. केबलचे आवरण फाटले की आत खारट ओल शिरते, तारा गंजून फुगतात आणि ब्रेक एकतर लागत नाही किंवा लागला तर सुटत नाही. न सुटलेला ब्रेक घोड्याला दिवसभर ओढावा लागतो. किनाऱ्यावरच्या गाडीला केबलपेक्षा लोखंडी सळईची जोडणी बरी. सांध्यांना दर आठवड्याला ग्रीस लावावे, आणि स्क्रूचे आटे पितळी असतील तर उत्तम. ड्रम महिन्यातून एकदा उघडून वाळू झटकावी आणि पट्टीची जाडी पाहावी. तपासणीची सोपी रीत अशी : गाडी घोड्याविना उतारावर उभी करायची, दांडे माणसांनी तोलून धरायचे, ब्रेक लावायचा आणि माणसांनी पुढे न खेचता, मागे न रेटता गाडी जागची हलते का ते बघायचे. हलली, तर तिला त्या दिवशी घोडा जुंपू नये.