संगणकाची कणगी

आपल्या घरी चुलीजवळ पिठाचा डबा असतो आणि माजघरात धान्याची कणगी असते. डबा लहान, पण हाताशी. कणगी मोठी, पण तिच्यापाशी उठून जावे लागते. वर्षाची बेगमी डब्यात कोंबायला कुणी जात नाही. शाळेच्या संगणकात मात्र आपण सर्रास तेच करतो.

एक लहान चपळ कोठी आणि दुसरी मोठी, ही कल्पना आजकालची नव्हे बरं का! अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ नावाची कार्यप्रणाली रचली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारीच म्हणा ना. १९७४ साली त्यांनी तिच्याविषयी निबंध प्रसिद्ध केला, त्यात आपल्या यंत्राची सारी मोजदाद दिली आहे. एक तबकडी होती स्थिर शीर्षांची. तिच्या प्रत्येक वर्तुळरेघेवर वाचणारे-लिहिणारे स्वतंत्र शीर्ष, त्यामुळे रेघ शोधत हिंडण्यात वेळ जात नसे. परंतु इतकी शीर्षे बसवायची म्हणजे काम खर्चाचे, म्हणून तिची साठवण अवघी १० लाख इंग्रजी अक्षरांची. शेजारी काही सरकत्या शीर्षांची यंत्रे होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्यावर चढवायच्या तबकड्यांच्या एका गठ्ठ्यात ४ कोटी अक्षरे मावत. थॉम्प्सन-रिचींनी कारभाऱ्याचे मूळ ठाणे लहान तबकडीवर ठेवले आणि माणसांच्या फायली मोठीवर. यंत्र सुरू होताना मोठी तबकडी झाडाला फांदी जोडावी तशी मूळ ठाण्याला जोडली जाई. आपली फाईल नेमकी कुठे आहे, याची फिकीर काम करणाऱ्याला नसे.

आपल्या टेबलावरच्या संगणकाची वंशावळ वेगळी. त्याच्याकडे आधी फ्लॉपी आल्या. त्यांनी ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे अडवली, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. आयबीएमच्या १९८३ सालच्या ‘पीसी एक्सटी’त ही डिस्क १० एमबीची होती. पुढे डिस्का वाढल्या, पण ‘डॉस’ या कारभाऱ्याला ३२ एमबीपलीकडचा एकसंध भाग हाताळता येईना! तेव्हा १९८७ च्या ३.३ या आवृत्तीत तोड निघाली, ती अशी की एकाच डिस्कचे तुकडे पाडायचे आणि उरलेल्याला ‘डी’, ‘ई’ म्हणायचे. ती अडचण केव्हाच सरली, तुकडे पाडण्याची रीत मात्र राहिली.

आणि इथेच फसगत होते. माझ्या परिचयाच्या एका मुख्याध्यापकांनी शाळेच्या दहा वर्षांच्या नोंदी मोठ्या काळजीने ‘डी’मध्ये ठेवल्या होत्या. विंडोज एकदा बिघडले, ‘सी’ पुसून पुन्हा भरावे लागले, नोंदी सुखरूप राहिल्या. त्यांना वाटले, आपण जिंकलो. पुढे डिस्कच बंद पडली आणि ‘सी’बरोबर ‘डी’ही गेला. कणगी एकच होती. मध्ये नुसती फळी घातलेली. पाणी शिरले की फळीच्या दोन्ही बाजू भिजतात.

दरम्यान जुनी व्यवस्था नव्या वेषात परत आली आहे. इंटेलने २००८ साली फिरती तबकडी नसलेली, ८० जीबीची चपळ एसएसडी बाजारात आणली. ती महाग, म्हणून लहान. तेव्हा विंडोज तिच्यावर आणि फोटो, प्रश्नपत्रिका, निकालपत्रके शेजारच्या मोठ्या हार्ड डिस्कवर, अशी मांडणी पुष्कळ घरांत झाली. बेल प्रयोगशाळेतलीच की ही!

तुमच्या संगणकात काय आहे ते ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहा. ‘सी’ आणि ‘डी’ दोन्ही ‘डिस्क ०’समोर दिसले तर फळी समजा; ‘डी’ जर ‘डिस्क १’समोर असेल, तर दुसरी कणगी खरी. मग ‘डॉक्युमेंट्स’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘लोकेशन’मध्ये ‘डी’वरची जागा द्या. डेस्कटॉपवरचा पसाराही एरवी ‘सी’मध्येच साठतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते, त्यालाही तसेच हलवा. आणि दुसरी कणगी असली तरी एक प्रत पेनड्राईव्हवर घेऊन कपाटात ठेवा.

आमच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या नोंदी जुन्या कागदी रजिस्टरांवरून पुन्हा भरून काढल्या. उन्हाळ्याची अर्धी सुट्टी त्यात गेली.